वाचकांचे प्रश्न : वावर विकून अलिबागला घर घ्यावे का?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आहे. सात एकर कोरडवाहू वावर आहे. कापूस आणि तूर घेतो, पण आता अंग साथ देत नाही. मुलगा मुंबईत नोकरीला असून गेल्या जानेवारीत त्याने आम्हा दोघांना चार दिवस अलिबागला नेले होते. सौभाग्यवतींना समुद्र फार आवडला. सगळे वावर विकावे आणि निवृत्तीची रक्कम घालून तिथे चांगल्या वसाहतीत फ्लॅट किंवा पाच-सहा गुंठे जमीन घ्यावी, असा मुलाचा आग्रह आहे. ‘तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला सोपे जाईल,’ असे म्हणून तिथला दलाल दोन लाख रुपये इसार रोख मागतो आहे. काय करावे?

उत्तर : गुरुजी, सर्वप्रथम तो रोख इसार थांबवा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि उद्या व्यवहार फिसकटला तर साध्या कागदावरच्या पावतीवर पैसे परत मिळवता मिळवता तुमचे पायताण झिजेल.

दलालाचे म्हणणे अर्धे खरे आहे. आपल्या राज्यात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते आणि यवतमाळचा सातबारा त्यासाठी रायगड जिल्ह्यातही चालतो. म्हणूनच मुंबईच्या धनिकांना जे अडते, ते तुम्हाला अडत नाही. परंतु मुलाच्या योजनेतील खोच नेमकी इथे आहे. सगळे वावर आधी विकले, तर ज्या दर्जाच्या भरवशावर तिकडची शेतजमीन घ्यायची, तो दर्जाच खरेदीच्या दिवशी तुमच्याजवळ उरणार नाही. फ्लॅटला शेतकरी असण्याची गरज नाही, हे खरे. तरीही माझे मत विचाराल तर निदान दोन एकर नावावर ठेवा. विकायचाच भाग विकताना एक दिलासा आहे : दहा हजारांपासून एक लाखापर्यंत लोकसंख्या असलेल्या नगरपालिकेच्या हद्दीपासून वावर दोन किलोमीटरच्या बाहेर असेल, तर ग्रामीण शेतजमीन म्हणून त्याच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. शहर मोठे असेल तर हे अंतर वाढते, त्यामुळे मोजून घ्या.

आता पाच-सहा गुंठ्यांविषयी. शेतजमिनीत शेतघर बांधायचे तर किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर क्षेत्र लागते. पाच गुंठे शेतजमीन घेऊन त्यावर टुमदार घर उठवू, असे कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला तुकडेबंदीच्या (शेतजमिनीचे फार लहान तुकडे करण्यास मनाई करणाऱ्या कायद्याच्या) आणि विनापरवाना बांधकामाच्या फेऱ्यात ढकलतो आहे. आपण ज्याला ‘अकृषक’ म्हणतो, त्याला तिकडे ‘बिनशेती’ म्हणतात. तो आदेश आणि मंजूर रेखांकन पाहिल्याशिवाय भूखंड घेऊ नये. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती दाखवून ‘सगळे कायदेशीर आहे’ असे सांगण्याची तिथे रीत आहे. घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे आणि बांधकाम परवानगी तर नव्हेच.

सातबारा वाचताना आपल्याकडची सवय थोडी बाजूला ठेवा. आपल्याकडे सातबाऱ्यावर दोन-तीन भावांची नावे असतात आणि धुऱ्यावर उभे राहिले की शेत कुठून कुठे, ते दिसते. काही वर्षांपूर्वी एका नातलगासाठी मी अलिबाग तालुक्यातील एक सातबारा वाचला होता. अकरा गुंठ्यांच्या वाडीवर तेवीस नावे होती, त्यांतली बरीच माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला स्थायिक झालेली, आणि विकणारा मात्र एकटाच, ‘बाकीच्यांचे मी पाहून घेतो’ असे सांगणारा. तो व्यवहार आम्ही सोडला. इतर हक्काच्या रकान्यात बहिणींची नावे, कुळाची नोंद किंवा ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ (कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरचे बंधन) असा शेरा आहे का, धारणा भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी, तर नाही ना, हे बारकाईने पाहा. तीस वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, तिथल्या वकिलाकडून घ्या, पण तो वकील दलालाने सुचवलेला नसावा. हद्दीची खात्री भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीनेच होते.

समुद्राला खेटून असलेल्या जागेचा मोह तर पूर्ण टाळा. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार ग्रामीण भागात भरतीरेषेपासून बहुतेक ठिकाणी दोनशे मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. दाट वस्तीच्या भागात २०१९ च्या अधिसूचनेने हे अंतर पन्नास मीटरवर आणले आहे. मार्च २०१९ मध्ये किहीमच्या किनाऱ्यावरचा एका फरार हिरे व्यापाऱ्याचा बंगला प्रशासनाने सुरुंग लावून पाडला होता. तेव्हा पैसा असला की नियम वाकतात, या भ्रमात आपण तरी राहू नये.

फ्लॅट घेणार असाल तर प्रकल्पाचा महारेरा (राज्याचे गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासा आणि नोंदणीकृत करार होण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नका. घर एकट्या सौभाग्यवतींच्या नावे घेतले, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते.

कागद चोख निघाले, तरी तिथे राहण्याचा प्रश्न उरतोच. तुम्ही जानेवारीत गेलात. जानेवारीत अलिबाग कुणालाही आवडते. पोपटीचे (वालाच्या शेंगा भाजण्याचे) मडके लागलेले असते, हवा कोरडी असते आणि कुलाबा किल्ल्यापर्यंत ओहोटीला चालत जाता येते. मी तिथे ऑगस्टमध्ये आठ दिवस राहिलो आहे. यजमानांनी कपड्यांच्या कपाटात रात्रंदिवस झिरो वॅटचा बल्ब जळत ठेवला होता, बुरशी येऊ नये म्हणून. काडेपेटी पेटेना, मिठाच्या बरणीत पाणी, आणि दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या बिजागऱ्या खाऱ्या हवेने इतक्या गंजल्या होत्या की दार लोटले की तांबडी भुकटी जमिनीवर पडे. आपल्याकडे वर्षाला आठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस झाला की आपण समाधान मानतो. तिथे तो दोन हजारांच्या पुढे जातो. सौभाग्यवतींचे गुडघे दुखत असतील, तर हा हिशेब समुद्राच्या देखाव्याआधी करावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती.

दुसरे म्हणजे सोबत. अशा श्रीमंती वसाहतींतील बहुतेक मालक शनिवारी येतात आणि रविवारी संध्याकाळी परततात. सोमवार ते शुक्रवार तिथे चौकीदार, माळी आणि तुम्ही दोघे. गावात रात्री दोनदा खोकला आला, तर सकाळी शेजारचा ‘काय झालं गुरुजी?’ म्हणून विचारायला येतो. मुलगा जवळ असेल, असे तुम्ही धरून चालला आहात. पण मुंबईच्या गेटवेहून अलिबागजवळच्या मांडवा बंदराला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून सुरू झालेली, गाड्याही नेणारी रो-रो बोट हवामानाच्या मर्जीवर चालते, आणि सुट्टीच्या दिवशी वडखळच्या रस्त्याची गर्दी वेगळीच. जिल्हा रुग्णालय अलिबागलाच आहे, ही जमेची बाजू. मोठ्या उपचाराला मात्र पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते.

म्हणून माझा सल्ला असा की या वर्षी काहीही विकू नका. जून ते सप्टेंबर तिथे भाड्याने राहा. घरमालकाला नव्हे, शेजारच्या वाडीवाल्याला विचारा की मे महिन्यात विहीर खारट होते का, टँकर किती दिवसांनी येतो. दिवाळीनंतरही दोघांचे मन तिथेच असेल, तर चार एकर विकून फ्लॅट घ्या आणि उरलेल्या वावरात तूर पेरत राहा.

प्रश्न : आमच्या वाशिम जिल्ह्यातील गावात मुंबईच्या एका गृहस्थांचा माणूस आला होता. त्यांना अलिबागकडे शेतजमीन घ्यायची आहे, पण ते शेतकरी नाहीत. खरेदी माझ्या नावाने होईल, पैसा त्यांचा, मला दोन लाख मिळतील, फक्त एक मुखत्यारपत्र द्यावे लागेल. यात धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि तो सगळा तुमच्या वाट्याचा आहे. दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्याच्या फायद्यासाठी स्वतःच्या नावे मालमत्ता घेणे हा बेनामी व्यवहार होय. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी एक ते सात वर्षे सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. जमीन सरकारजमा होते ती वेगळीच. अलिबागकडच्या महागड्या जमिनीच्या किमतीवरचा पंचवीस टक्के दंड तुमचे घर-वावर विकूनही भरून निघायचा नाही. सातबाऱ्याची आणि आधारची प्रत दिली असेल, तर व्यवहारास नकार असल्याचे लेखी पत्र पोच घेऊन त्या माणसाला द्या. मुखत्यारपत्रावर सही झालीच असेल, तर ते जिथे नोंदवले त्या दुय्यम निबंधक कार्यालयात रद्दपत्र याच आठवड्यात नोंदवून घ्या.