पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्ती: ४०१(के), रॉथ आणि साधे खाते यांत पैसे कसे विभागावेत?

अमेरिकेत पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडायची आहे आणि ४०१(के) या नोकरीमार्फतच्या निवृत्ती खात्यातले पैसे वयाच्या साडेएकोणसाठ वर्षांपर्यंत अडकतील, म्हणून त्यात कमी भरावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते कमी भरू नये. ज्या उत्पन्नावर आज २४ टक्के किंवा अधिक कर लागतो, ते ४०१(के)सारख्या करपूर्व खात्यात (भरताना कर लागत नाही, काढताना लागतो) टाकावे आणि नोकरी सुटल्यावर, उत्पन्न जवळजवळ शून्यावर आलेले असताना, दरवर्षी थोडी थोडी रक्कम रॉथ आयआरए या, कर भरलेले पैसे ठेवण्याच्या वैयक्तिक निवृत्ती खात्यात वळवावी. २०२४ मध्ये विवाहित जोडप्याला २९,२०० डॉलरची प्रमाणित वजावट होती, म्हणजे तेवढ्या उत्पन्नावर कर नव्हता. दुसरे उत्पन्न नसताना त्यांनी तेवढीच रक्कम वळवली असती, तर केंद्रीय आयकर शून्य भरावा लागला असता. वळवलेली रक्कम त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून पाच वर्षांनी, वेळेआधी पैसे काढण्याच्या १० टक्के दंडाशिवाय, काढता येते, म्हणजे २०२४ ची रक्कम १ जानेवारी २०२९ पासून.

ही मधली वर्षे निभावण्यासाठीच साधे ब्रोकरेज खाते, म्हणजे निवृत्तीच्या करसवलती व अटी नसलेले गुंतवणूक खाते, लागते. वर्षाचा खर्च ५०,००० डॉलर असेल, तर पाच वर्षांचे अडीच लाख डॉलर धरावेत आणि त्यातून रॉथ आयआरएमध्ये थेट भरलेली मुद्दल वजा करावी, कारण ती केव्हाही कर व दंडाविना काढता येते. तिच्यावरची वाढ मात्र नाही. एवढी तजवीज झाल्यावर साध्या खात्यात आणखी भर घालण्याची घाई मी करणार नाही. मात्र वळवलेली रक्कम आरोग्य विम्याच्या अनुदानासाठी उत्पन्न म्हणूनच मोजली जाते, हे पुष्कळांच्या उशिरा लक्षात येते.