स्पॅनिश डोक्यात शिरत नाही तेव्हा

परकी भाषा जमत नाही एवढ्याच कारणाने माझ्याकडे समुपदेशनासाठी क्वचितच कुणी येतं. लोक येतात ते झोप लागत नाही म्हणून, मीटिंगची धास्ती वाटते म्हणून. मग बोलता बोलता भाषेचा विषय निघतो आणि वाक्य साधारण तेच असतं: “मला भाषेचं डोकंच नाही.” पाठोपाठ दुसरंही येतं, “आणि आता वयही झालं.”

बडोद्यात हे वाक्य स्पॅनिशबद्दल कानावर पडावं याला कारणं आहेत. इथल्या काही कारखान्यांची गिऱ्हाइकं लॅटिन अमेरिकेत आहेत. त्यात २८ ऑक्टोबर २०२४ रोजी नरेंद्र मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांच्या जुळणी कारखान्याचं इथे उद्घाटन केलं. एकूण ५६ विमानांपैकी १६ स्पेनमधून तयार यायची आणि ४० बडोद्यात जुळवायची असं ठरलेलं होतं. घरात इंजिनियर मुलगा किंवा मुलगी असली की “स्पॅनिश शिकून घे, उपयोगी पडेल” हे आता सहज म्हटलं जातं. शिकायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही.

आसावरी (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) ३६ वर्षांची. माहेर बडोद्याचं, सासरही बडोद्याचं. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत एक्स्पोर्टचं काम बघते. कंपनीला पेरू आणि मेक्सिकोतून ऑर्डरी येऊ लागल्या, तेव्हा साहेबांनी ते काम तिच्याकडे दिलं आणि म्हणाले, थोडं स्पॅनिश शिकून घ्या. तिने ऑनलाइन क्लास लावला, फोनवर ॲप घेतलं, दोन जाड वह्या क्रियापदांच्या तक्त्यांनी भरल्या. वर्ष होत आलं होतं. कॉलवर पेरूतल्या लिमाच्या माणसाने साधं “काय म्हणता?” विचारलं, तरी तिची छाती धडधडायची. मग ती घाईघाईने इंग्रजीवर यायची. आदल्या रात्री झोप नाही, कॉल झाल्यावर रडू. या रडण्यासाठीच ती आली होती.

पहिल्या भेटीत मी तिला “तुम्ही” म्हणत होते. “ताई, मला अगं म्हणा हो,” म्हणाली. मग मी विचारलं, “गुजराती कुठे शिकलीस गं?” ती गोंधळली. शिकले कुठे, येतं की. वाड्यातल्या मुलांशी खेळताना आलं. खंडेराव मार्केटात भाजीवालीशी ती गुजरातीत भाव करते, नवऱ्याच्या मित्रांशी हिंदीत बोलते, मेल इंग्रजीत लिहिते, आईशी भांडते मराठीत. चार भाषा रोज वापरणारी बाई मला सांगत होती की तिला भाषेचं डोकं नाही.

इथे थोडं सांभाळून बोलावं लागतं. गुजराती मराठीच्या शेजारची, आणि ती आली लहानपणी. छत्तिसाव्या वर्षी स्पॅनिश तशीच आपोआप येईल असं सांगणं म्हणजे फसवणूक झाली असती. मोठेपणी उच्चारात थोडा परकेपणा राहू शकतो, हेही खरं. पण सुरुवातीच्या टप्प्यात मोठी माणसं लहान मुलांपेक्षा वेगाने शिकतात, कारण त्यांना नियम समजतो आणि तुलना करता येते. वयाबद्दल मी तिला एवढंच सांगितलं आणि विषय बाजूला ठेवला.

तासांचा हिशेब मात्र नीट मांडला. अमेरिकेची सरकारी संस्था आपल्या इंग्रजीभाषक राजनैतिक अधिकाऱ्यांना कामापुरती चांगली स्पॅनिश यावी म्हणून वर्गातले सुमारे ६०० ते ७५० तास धरते, आणि घरचा अभ्यास वेगळा. स्पॅनिश ही त्यांच्या यादीत सोप्या भाषांपैकी आहे, तरीही. आसावरीचा क्लास आठवड्यातून दोनदा, तासाभराचा. वर्षात शंभरेक तास झाले असतील. मी आकडे कागदावर लिहिले तेव्हा ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. नापास झाल्याची जी भावना ती घेऊन आली होती, तिला या आकड्यांत काही आधारच नव्हता.

मग तिला एक आठवडा नुसती नोंद ठेवायला सांगितलं: कधी बसलीस, काय केलंस, करताना कसं वाटलं. अभ्यास बदलायचा नाही, नुसतं लिहायचं. नोंदीतून जे दिसलं ते अशा बहुतेकांच्या बाबतीत दिसतं. रात्री मुलं झोपल्यावर, अकराच्या पुढे, ॲपवरची रोजच्या सरावाची साखळी तुटू नये म्हणून पाच मिनिटं. रविवारी तक्ते उतरवून काढणं. ऐकणं जवळपास शून्य, कारण “आधी बोलता यायला हवं ना”. बोलणं फक्त क्लासमध्ये, बाराजणांसमोर, कॅमेरा चालू, आणि दर शब्दाला सुधारणा.

सुधारणेचा विषय निघाला तेव्हा तिचा आवाज बदलला. सातवीपर्यंत ती मराठी माध्यमात होती, आठवीत तिला इंग्रजी माध्यमात घातलं. तिथे तिच्या वाक्यांवर वर्ग हसायचा. तेव्हापासून तिने एक सवय लावून घेतली: वाक्य मनात पूर्ण बिनचूक झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. या सवयीवर तिने शाळा काढली, कॉलेज काढलं, नोकरीही मिळवली. स्पॅनिशमध्ये याच सवयीने तिला अडवलं. ती आधी इंग्रजीत वाक्य जुळवायची, ते तपासायची, मग स्पॅनिशमध्ये न्यायची, पुन्हा तपासायची. तोवर लिमाचा माणूस दोन वाक्यं पुढे गेलेला.

परकी भाषा बोलतानाची ही भीती तिच्या एकटीची नाही. १९८६ मध्ये एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषेच्या वर्गातली चिंता हा वेगळा प्रकार म्हणून मांडला आणि तो मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली केली. एरवी धीट असणारी माणसंही या एका ठिकाणी गप्प होतात, कारण इथे हुशार मोठ्या माणसाला लहान मुलासारखं अपुरं बोलावं लागतं. हे वाचून दाखवल्यावर आसावरी म्हणाली, “म्हणजे याला नाव आहे.” तिच्यासाठी तेवढंही पुष्कळ होतं.

आता अभ्यासाबद्दल. मी भाषेची शिक्षिका नाही, पण तिच्या वह्या बघताना एक गोष्ट लगेच खटकली. सगळं इंग्रजीतून समजावलेलं. “मे गुस्ता एल काफे” या वाक्यापाशी तिने लाल शाईने लिहिलं होतं: उलटं, पाठ करणे. इंग्रजीकडून बघितलं तर ते उलटंच, तिथे “आय लाइक कॉफी”, म्हणजे कर्ता मी. पण मराठीत आपण काय म्हणतो? मला आवडते कॉफी. तोच क्रम, तीच रचना. तिला पाठ करायचं काहीच नव्हतं. मी विचारलं, “हे आईला मराठीत कसं सांगशील?” तिने सांगितलं, आणि मग वही माझ्या हातातून घेऊन पानं उलटायला लागली.

पुढचे दोन आठवडे ती अशा जागा शोधत होती. माणसाला बघितलं तर “बेओ आ मारिया”, घर बघितलं तर नुसतं “बेओ ला कासा”. मराठीतही मारियाला बघते, पण घर बघते. आपला “ला” काय, त्यांचा “आ” काय, लावायचा तो जिवंत माणसाला. इंग्रजीतून शिकणारा इथे हमखास अडखळतो. भूतकाळाचे दोन प्रकार तिला रडवत होते. लहानपणी आम्ही कमाटी बागेत जायचो, आणि काल आम्ही कमाटी बागेत गेलो, एवढं डोळ्यांसमोर आणलं की “इबामोस” आणि “फुइमोस” आपापल्या जागी बसतात. इंग्रजीत दोन्हीकडे साधा “वेन्ट” चालून जातो, म्हणून फरक दिसत नव्हता. कर्ता गाळून नुसतं क्रियापद बोलायची सवय आपल्याला आहेच. विशेषण नामाप्रमाणे बदलतं, तेही आपलंच. त, द, प, क हे स्पॅनिश उच्चार आपल्या तोंडात आधीपासून आहेत, साधा र सुद्धा, फक्त शब्दाच्या सुरुवातीचा आणि दुहेरी र जरा जोरात घोळवायचा. स्पॅनिशमध्ये व आणि ब यांचा उच्चार एकच, त्यामुळे लिमाचा माणूस वडोदरा वाचून “बादोदारा” म्हणतो. आसावरीला हे फार आवडलं होतं. आपल्या बडोद्याच्या किती जवळ!

सगळंच असं जुळत नाही. “एस” आणि “एस्ता” दोन्हींना आपल्याकडे एकच “आहे”, गुजरातीतही एकच “छे”. तिथे मराठी मदतीला येत नाही. पुरी वाक्यं ऐकून ऐकूनच ते अंगवळणी पडतं. नामांचं लिंगही वेगळं, मराठीतल्या लिंगावर विसंबलं तर फसगत होते. म्हणून शब्द सुटा न घेता “ला मेसा”, “एल प्रोब्लेमा” असा आधीच्या “ला” किंवा “एल”सकट घ्यायचा.

तक्त्यांतून तिची सुटका केली ती एका साध्या प्रश्नाने: तू बोलणार कुणाशी? पेरू आणि मेक्सिकोतल्या गिऱ्हाइकांशी. तर मग “बोसोत्रोस” हा स्पेनमध्ये वापरला जाणारा अनेकवचनी “तुम्ही” तिला लागतच नाही. लॅटिन अमेरिकेत त्या जागी “उस्तेदेस” म्हणतात. गिऱ्हाइकाशी “तू” नाही, “उस्तेद”, आणि त्याचं क्रियापद “तो-ती”सारखंच. तिने प्रत्येक तक्त्यातला एक पूर्ण रकाना पेन्सिलीने खोडला. दुसरा नंतर बघू म्हणून बाजूला ठेवला. उरलं ते पाठ करण्याजोगं होतं.

दिवसाची मांडणीही बदलली. लिमात सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. कॉल त्याच वेळी, मुलांची जेवणं त्याच वेळी, आणि नंतर क्लास. इतकं दमल्यावर कुणाच्याही डोक्यात काही शिरणार नाही. अभ्यास सकाळवर नेला. पोळ्या लाटताना शिकणाऱ्यांसाठी सावकाश सांगितलेल्या गोष्टी ऐकायच्या, बऱ्याचशा समजतील इतक्या सोप्या, आणि एकच गोष्ट तीन-चार दिवस. स्पॅनिश लोक फार भराभर बोलतात ही तिची तक्रार खरी होती. भाषांच्या वेगाच्या मोजणीत जपानीबरोबर स्पॅनिश वरच्या टोकाला येते. कानाला त्या वेगाची सवय लागायला तासच द्यावे लागतात. मग वही मिटून, ऐकलेल्यातली चार वाक्यं न बघता म्हणायची. तीच उद्या, पुन्हा तीन दिवसांनी, पुन्हा आठवड्याने. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये दाखवून दिलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच सर्वांत वेगाने विसरतं आणि अंतराअंतराने केलेली उजळणी जास्त टिकते. रात्री अकराची पाच मिनिटं बंद केली. साखळी तुटली त्या दिवशी तिला चुकल्यासारखं वाटलं, दुसऱ्या दिवशी वाटलं नाही.

भीतीचं काम आम्ही वेगळं केलं. क्लासच्या शिक्षकांना तिने मेल लिहिला की वाक्य पुरं होऊ द्या, मग एकच चूक सांगा. त्यांनी मान्य केलं, पण बाराजणांत ते निभलं नाही, आणि भरलेली फी संपल्यावर तिने तो क्लास सोडला. मला तो निर्णय योग्य वाटला. माझ्या खोलीत आम्ही कॉलचा सराव केला. मी लिमाचा माणूस, ती ती. पहिली दोन वाक्यं तिने अशी घोटली की झोपेतही यावीत: “मास देस्पासियो, पोर फाबोर”, जरा सावकाश, आणि “मे लो पुएदे रेपेतिर?”, पुन्हा सांगाल का? थांबायचा हक्क आपल्या हातात आहे हे कळलं की धडधड निम्म्याने उतरते. मग मुद्दाम चुकीची वाक्यं बोलायची, आणि समोरच्याला अर्थ कळतो का ते बघायचं. जवळजवळ दर वेळी कळतो. हे पटवून देता येत नाही, करूनच बघावं लागतं.

काही महिन्यांनी चित्र असं होतं: नमस्कार-चमत्कार, माल कधी निघाला, कागदपत्रं पोहोचली का, एवढं ती स्पॅनिशमध्ये करते. ड्रॉइंगवरून वाद झाला की इंग्रजीवर येते, आणि येताना रडत नाही. “एस” आणि “एस्ता” अजून उलटसुलट होतात. आदल्या रात्रीची झोप लागते.

दरम्यान तिने देले परीक्षेचा विचार काढला. स्पॅनिशची ही आंतरराष्ट्रीय परीक्षा इन्स्तितुतो सेर्वान्तेसकडून होते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी प्रमाणपत्र मागितलं असेल तर जरूर द्यावी, आणि तेव्हा तक्ते, लेखन सगळं करावं लागेल. आसावरीला ते कुणी मागितलेलं नव्हतं. मी विचारलं, कशासाठी? “स्वतःला सिद्ध करायला,” म्हणाली, आणि स्वतःच थांबली. परीक्षा तिने सध्या बाजूला ठेवली आहे. क्लासच्या फीच्या पैशांत आता ती पेरूतल्या एका शिक्षिकेशी आठवड्यातून एकदा, एकटीच, तासभर बोलते. कंपनीने निम्मा खर्च उचलायचं कबूल केलं आहे.