परत फिरलात ते योग्यच केलंत. आता पुन्हा निघण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मांडवीतून मालदीवला निघालात, दुसऱ्या रात्री इंजिन बंद पडलं, पुढचं शीड गुंडाळलं जाईना आणि तळात पाणी दिसलं. शिडावर मागे फिरून आग्वादच्या उपसागरात नांगर टाकलात. निरोपाला आलेल्या मंडळींना तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न पडलाय आणि आठवड्याच्या आत पुन्हा निघायचं म्हणताय.

आधी तोंड दाखवण्याचं बघू, कारण घाईचं मूळ तिथेच आहे. व्हेंदे ग्लोब ही शिडाच्या बोटींची जगातली सगळ्यात खडतर एकट्याची शर्यत. न थांबता, मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा. तिच्या नियमातच सोय आहे की सुरुवातीनंतर 10 दिवसांत निघाल्या बंदरात परत येऊन दुरुस्ती करता येते. 2008 साली मिशेल देजॉयोच्या बोटीत बॅलास्टच्या (तोल सांभाळायला पाणी भरतात त्या) टाकीतून पाणी गळलं, वीजयंत्रणा गेली, आणि तो मागे फिरला. बाकीच्यांच्या जवळजवळ 40 तास मागून तो पुन्हा निघाला आणि शर्यत जिंकला, 84 दिवसांत. 2020 मध्ये जेरेमी बेयू सुकाणूची मोडतोड घेऊन परतला, नऊ दिवस उशिरा निघाला, तरी 13वा आला. आणि आपल्या गोव्यात बांधलेली नौदलाची शिडाची बोट तारिणी? सहा नौदल अधिकारी महिलांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला गेलेली ती 2018 च्या एप्रिलमध्ये केप टाउनहून घरी येत होती, तेव्हा सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. वाटेत ठरलेलं नसताना मॉरिशसला पोर्ट लुईत शिरल्या, दुरुस्ती केली आणि 21 मे रोजी गोव्यात पोहोचल्या. त्या परिक्रमेला कोणी अर्धवट म्हटलेलं नाही.

आता इंजिन. आवाज हळूहळू बसत गेला आणि मग बंद पडलं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे डिझेल पोहोचत नव्हतं. जाळं पंख्यात अडकलं असतं तर दणका बसून एकदम थांबलं असतं. (तरी डुबकी मारून पंखा बघाच, आपल्या किनाऱ्यावर रात्री सोडलेली जाळी कुठवर पसरलेली असतात याचा नेम नाही.) बोट पावसाळाभर उभी होती. अर्ध्या रिकाम्या टाकीला आतून घाम सुटतो, ते पाणी तळाला बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर काळपट बुळबुळीत गाळ धरतो. बंदरात इंजिन तासन् तास चालतं, कारण गाळ तळाशी स्वस्थ असतो. बाहेर लाटांवर बोट डोलायला लागली की तो ढवळून उठतो आणि फिल्टर चोंदतो. तुम्ही नवा फिल्टर घातलात तोही तासाभरात गेला, यात नवल नाही.

टाकीच्या अगदी तळातून हातपंपाने लिटरभर डिझेल ओढा आणि काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. सकाळी खाली पाणी, मध्ये काळा पट्टा, वर डिझेल असं दिसलं, तर फिल्टर बदलून भागणार नाही. टाकीचं झाकण उघडून सगळं उपसा, फडक्याने कोपरे पुसा आणि निघताना टाकी गळ्यापर्यंत भरा. शक्य असेल तर दोन फिल्टर शेजारी शेजारी बसवून मध्ये व्हॉल्व्ह घाला, म्हणजे एक चोंदला की इंजिन न थांबवता दुसऱ्यावर जाता येतं. शिवाय फिल्टर बदलून नळीतली हवा काढायचं काम नांगरावर असतानाच, रात्री, डोक्याच्या टॉर्चवर एकदा करून बघा. तुमच्या भावालाही करायला लावा.

शिडाबद्दल मला जास्त काळजी वाटली. ‘विंचवर (दोर ओढायच्या रहाटावर) घेऊन जोर लावला,’ असं तुम्ही लिहिलंय. हे पुन्हा करू नका. बहुतेक वेळा वरच्या टोकाला शीड चढवायचा दोर पुढच्या तारेभोवती गुंडाळला गेलेला असतो. तेव्हा विंचचा सगळा जोर त्या तारेला पीळ देतो, आणि तीच डोलकाठी पुढून धरून असते. गुंडाळणं अडलं तर वारा पाठीवर घ्या, शीड मोठ्या शिडाच्या आडोशाला आणा, दोर थोडा सैल करा आणि पुन्हा हाताने प्रयत्न करा. तरीही अडलं तर शीड खाली उतरवायचं. आता बंदरात कोणाला तरी डोलकाठीवर चढवून वरची गाठ, पिना आणि तारेचे धागे नीट बघून घ्या. एकही धागा तुटलेला दिसला तर तार बदलल्याशिवाय निघायचं नाही.

पाण्याचं. पहिली गोष्ट, चाखून बघायचं. गोडं असेल तर पिण्याची टाकी गळतेय. खारं असेल तर मला एक सांगा: जाताना दिसलेलं पाणी परतीच्या वाटेवर वाढलं का? दक्षिणेला जाताना वारा मागून होता, परतताना तुम्ही वायव्येच्या वाऱ्यावर चढत आलात. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, लाटेत बुडायला लागल्यावर पाणी वाढलं असेल, तर ते नांगराची साखळी आत जाते त्या भोकातून येतंय. साखळी सोडवून घेऊन ते भोक बुजवणं एवढाच उपाय. वाढ फक्त इंजिन चालू असताना होत असेल तर पंख्याच्या दांड्याचं पॅकिंग बघा. दोन्ही नसेल तर एकेक नळी आणि तिचा कॉक. प्रत्येक कॉकजवळ मापाचं लाकडी बूच दोरीने बांधून ठेवलंय ना?

एकाच रात्री तीन गोष्टी बिघडल्या की हात गडबडतात, त्यामुळे क्रम मनात पक्का हवा. बोट तरंगते का, वळते का, डोलकाठी उभी आहे का. ही तीन ठीक असतील तर बाकीचं सकाळपर्यंत थांबू शकतं. बंदरातलं अर्ध्या तासाचं काम पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यांना मळमळत असताना तीन तास खातं, हेही धरून चला.

पुढच्या वेळी निरोपाची तारीख ठरवूच नका. ठरलेली तारीख आली की हवामान वाईट असलं तरी माणूस निघतो, आणि आदल्या रात्री झोपलेलं कोणी नसतं. मंडळींना भेटून घ्या, हार-नारळ होऊ द्या, मग जेट्टी सोडून आग्वादलाच नांगर टाका आणि रात्रभर झोपा. सैल राहिलेलं सामान त्या रात्रीच लक्षात येतं. वहिनी आणि भाऊ दोघांकडून आणीबाणीच्या दांडीने सुकाणू चालवून घ्या; ती दांडी अजून खोक्यातच आहे, असं तुमच्या फोटोवरून दिसतंय.

वाटेचंही थोडं बदला. पहिले दोन दिवस अशी रेघ धरा की मंगळुरू आणि मग कोची वारा वाहत जातो त्या बाजूला राहतील. तिसऱ्या दिवशी काही बिघडलं तर वाऱ्यावर चढत गोव्याला येण्यापेक्षा उतरत कोचीत शिरणं कितीतरी सोपं. मात्र देश सोडल्याचे कागद झाले असतील तर परत शिरतानाही कागद लागतात. एजंटशी आत्ताच बोलून ठेवा, आणि आत येण्याआधी रेडिओच्या चॅनल 16 वर बंदराला कळवा. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर चार्टच्या टेबलावर चिकटवा. मार्चच्या आत निघालात तरी मोसम साथ देईल, म्हणून आठवड्याचा हट्ट नको.

डोलकाठीच्या टोकाचा जवळून फोटो टाका. शीड चढवायचा दोर पुढच्या तारेपासून साधारण 10 अंश मागे झुकलेला दिसायला हवा. समांतर उतरत असेल तर वर एक छोटी कडी बसवावी लागेल. कुठे ते फोटो बघून सांगतो.