लॉर्ड क्लाइव्ह आणि क्लाइव्ह लॉइड: नाव की आडनाव?

प्रश्न असा आहे: प्लासीच्या लढाईतला लॉर्ड क्लाइव्ह आणि वेस्ट इंडिजचा कर्णधार क्लाइव्ह लॉइड, या दोघांतला 'क्लाइव्ह' एकच का? एकाचं ते आडनाव आणि दुसऱ्याचं नाव, हे कसं? आणि मराठीत लिहायचं कसं: क्लाइव, क्लाइव्ह की क्लाईव्ह?

शब्द एकच आहे. आधी ते गावाचं नाव होतं, गावावरून आडनाव झालं आणि आडनावावरून पुढे पाळण्यातलं नाव झालं.

जुन्या इंग्रजीत 'क्लिफ' म्हणजे कडा, चढण, नदीकाठची दरड. आजच्या इंग्रजीतला 'क्लिफ' तोच. त्या काळी इंग्रजीतही नामांना विभक्तिप्रत्यय लागत. 'कड्यापाशी' म्हणायचं तर शब्दाच्या शेवटी स्वर यायचा, आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या 'फ'चा उच्चार 'व्ह' व्हायचा. 'वाइफ'चं अनेकवचन 'वाइव्ह्ज' आणि 'नाइफ'चं 'नाइव्ह्ज' होतं, त्यामागे हीच जुनी सवय आहे. गावाचा पत्ता बहुधा 'अमक्यापाशी' असाच सांगितला जातो. म्हणून गावांच्या नावांत मूळ शब्दाऐवजी हे विभक्ती लागलेलं रूप पुष्कळदा टिकून राहिलं. इंग्लंडमध्ये क्लिफ, क्लीव्ह आणि क्लाइव्ह अशी तिन्ही तऱ्हेची गावं सापडतात ती त्यामुळे. श्रॉपशायरमधलं क्लाइव्ह हे गाव ग्रिन्सहिल या वालुकाश्माच्या टेकडीला लागून आहे, म्हणजे नावाप्रमाणेच वसलेलं. चेशायरमध्येही एक क्लाइव्ह आहे.

या शब्दाचा गोतावळा मोठा आहे. क्लिफर्ड म्हणजे कड्याजवळची नदी पायी ओलांडायची जागा, क्लिफ्टन म्हणजे कड्याजवळची वस्ती, क्लीव्हलँड म्हणजे कड्यांचा मुलूख. फाळणीची रेषा आखणाऱ्या रॅडक्लिफचं आडनाव म्हणजे 'तांबडा कडा'. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' लागून आडनाव होतं. इंग्लंडात मध्ययुगीन कागदपत्रांत गावाच्या नावाआधी 'डी' हे शब्दयोगी अव्यय असे. पुढे ते गळालं आणि गावाचं नुसतं नाव आडनाव म्हणून उरलं.

एका चुकीच्या व्युत्पत्तीबद्दल इथेच सांगायला हवं, कारण ती सुशिक्षितांनाही पटते. लॅटिनमध्ये 'क्लिवुस' म्हणजे उतार. ध्वनी जुळतो, अर्थ जुळतो, म्हणून क्लाइव्ह हा लॅटिनवरून आला असं सांगितलं जातं. पण एकाच मूळ धातूपासून आलेल्या शब्दांत लॅटिनमध्ये 'क' असेल, तर इंग्रजीच्या घराण्यात त्या जागी 'ह' येतो. 'क्लिवुस'चा इंग्रजीतला खरा आप्त म्हणजे टेकणे, झुकणे या अर्थाचा 'लीन'; जुन्या इंग्रजीत त्याच्या सुरुवातीला 'ह' होताच. संस्कृतात त्याच धातूचं रूप 'श्रि', ज्यावरून आपला 'आश्रय' आला. म्हणजे लॅटिन 'क्लिवुस'चं नातं 'आश्रय'शी आहे, 'क्लाइव्ह'शी नाही.

आता आडनावाचं नाव कसं झालं ते पाहू. ही चाल खास इंग्रजांची, आणि जुनी आहे. इंग्लंडची जेमतेम काही दिवसांची राणी लेडी जेन ग्रे, हिच्या नवऱ्याचं नाव गिल्डफर्ड डडली. 1554 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या आईचं माहेरचं आडनाव गिल्डफर्ड होतं, तेच मुलाचं नाव ठेवलं गेलं. आईचं घराणं तोलामोलाचं असलं, किंवा त्या घराण्याची मालमत्ता मुलाकडे येणार असली, की असं करत. कधी धर्मपित्याचं आडनाव दिलं जाई. आडनावं अशी नावं म्हणून देण्याची रीत अलीकडे फक्त इंग्लंडातच निघाली आहे, अशी नोंद विल्यम कॅम्डेन या इंग्रज इतिहासकाराने 1605 मध्येच केलेली आहे. सिडने, पर्सी, डडली, हॉवर्ड, स्टॅन्ली ही सगळी याच वाटेने आलेली नावं. दुसरी वाट कर्तबगार माणसाचं आडनाव मुलाला देण्याची. नेल्सन तसा आला, आणि क्लाइव्हही.

रॉबर्ट क्लाइव्हचा जन्म 1725 चा, श्रॉपशायरमधल्या स्टिच या घराण्याच्या वाड्यातला. 1757 ची प्लासी सगळ्यांना ठाऊक असते. त्याआधीचं वर्ष मराठी वाचकाच्या जवळचं आहे: फेब्रुवारी 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग पडला, तेव्हा समुद्रावर ॲडमिरल वॉटसन होता आणि इंग्रजांच्या जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख हाच क्लाइव्ह. इंग्रजी कागदांत तो किल्ला 'घेरिया' म्हणून येतो.

त्याच्या वंशाच्या थोरल्या शाखेत आडनाव मात्र टिकलं नाही. त्याचा मुलगा एडवर्ड, जो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला, त्याने पॉविसच्या हर्बर्ट घराण्यातली हेन्रिएटा केली. त्यांच्या थोरल्या मुलाने 1807 मध्ये आजोळच्या वारशासाठी क्लाइव्ह हे आडनाव सोडून हर्बर्ट घेतलं. आडनाव असं आखडलं आणि नाव पुढे पसरत गेलं. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या इंग्रज कुटुंबांत ते आधी रुजलं. व्युत्पत्तिकोशांत अशा कुटुंबांना 'अँग्लो-इंडियन' म्हटलेलं आढळतं. तिथे त्या शब्दाचा जुना अर्थ, म्हणजे हिंदुस्थानात राहिलेले इंग्रज, असाच घ्यायचा. मग 1853 ते 1855 या काळात थॅकरेची 'द न्यूकम्स' ही कादंबरी भागाभागांनी प्रसिद्ध झाली. तिचा नायक क्लाइव्ह न्यूकम हा हिंदुस्थानी लष्करातल्या एका कर्नलचा मुलगा. थॅकरे स्वतः कलकत्त्यात जन्मलेला, त्यामुळे अशा घरात कोणतं नाव शोभेल हे त्याला नेमकं माहीत होतं. 1860 मध्ये श्रूझबरीच्या चौकात रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा उभा राहिला. माझ्या मते नाव सर्वसामान्य घरांत नेण्याचं काम पुतळ्यापेक्षा कादंबरीने जास्त केलं. पुतळा त्या पुरुषाची आठवण देतो. कादंबरीतलं नाव आपल्या मुलाला हाक मारून पाहता येतं.

नाव कधी चाललं हे प्रसिद्ध क्लाइव्हांच्या जन्मसालांवरूनच दिसतं. कलासमीक्षक क्लाइव्ह बेल 1881, लेखक सी. एस. लुइस 1898, संगणक बनवणारे सिंक्लेअर 1940, लॉइड 1944, दक्षिण आफ्रिकेचा राइस 1949, रग्बीचे वुडवर्ड 1956, अभिनेता ओवेन 1964. बेलसारखे सुरुवातीचे क्लाइव्ह तुरळक आणि खात्यापित्या घरांतले. खरी गर्दी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, आणि ती ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, कॅरिबियन बेटं अशा साम्राज्याच्या मुलखांत. अमेरिकेत ते फारसं धरलं नाही. आज इंग्लंडमध्ये ते आजोबांच्या पिढीचं नाव वाटतं, नवजात बाळाला क्वचितच मिळतं. लुइसच्या बाबतीत तर गंमत अशी की क्लाइव्ह, स्टेपल्स आणि लुइस ही तिन्ही आडनावंच. त्यांना स्वतःचं नाव आवडत नसे आणि जवळचे लोक त्यांना जॅक म्हणत. उलट ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या क्लाइव्ह जेम्सचं मूळ नाव व्हिव्हियन. व्हिव्हियन ली पडद्यावर गाजली आणि ते नाव मुलींचं झालं, तेव्हा त्यांनी पोरवयातच एका सिनेमातल्या पात्रावरून 'क्लाइव्ह' घेतलं. तोवर या नावाचा प्लासीशी संबंध उरलेला नव्हता, आणि म्हणून 'क्लाइव्ह' नावाच्या माणसाच्या आईबापांना साम्राज्यवादी ठरवणं चुकीचं आहे.

गोवा, वसई, मुंबई, मंगळूर इथल्या ख्रिस्ती घरांत क्लाइव्ह, क्लिफर्ड, नेल्सन, विल्सन, स्टॅन्ली ही नावं ओळखीची आहेत. यांतलं क्लाइव्ह हे कोणत्या संताचं नाव नव्हे. 1917 च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार, आईबापांनी संताचं नाव निवडलं नाही तर पाद्रीने एक जोडून द्यायचं आणि दोन्ही बाप्तिस्म्याच्या वहीत लिहायची. 1983 च्या संहितेत एवढंच उरलं की नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावं. त्यामुळे जुन्या वहीत एखाद्या क्लाइव्हच्या जोडीला जोसेफ किंवा फ्रान्सिस दिसला, तर दोन वेगळी माणसं समजू नयेत.

इंग्रज कुटुंबातल्या मधल्या नावात 'क्लाइव्ह' दिसलं, तर ते वीराचं की आजोळचं हे नुसतं पाहून कळत नाही. आधी आईचं माहेरचं आडनाव काढावं. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्मनोंदणी 1 जुलै 1837 पासून आहे. पण जुन्या छापील सूचीत आईचं आडनाव 1911 च्या तिसऱ्या तिमाहीपासूनच येतं. त्याआधीच्या जन्मासाठी नोंदणी कार्यालयाची ऑनलाइन सूची पाहावी, तिच्यात ते आरंभापासून दिलं आहे. बाप्तिस्मा मुंबई इलाख्यात झाला असेल, तर त्याची प्रत ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात 'एन 3' या मालिकेत शोधावी. 'एन 1' बंगालची, 'एन 2' मद्रासची.

मजकुरात नाव कोणतं आणि आडनाव कोणतं हे ओळखायची सोपी खूण म्हणजे पदवी. इंग्रजीत 'सर' नेहमी नावाला लागतो. लॉर्डपद मिळालेल्याचा 'लॉर्ड' त्या पदाच्या नावाला लागतो, आणि ते पद बहुधा आडनावावरून घेतलेलं असतं. म्हणून 'सर क्लाइव्ह' म्हणजे लॉइड, आणि 'लॉर्ड क्लाइव्ह' म्हणजे रॉबर्ट. रॉबर्टलाही 1764 मध्ये 'सर' मिळालं होतं, पण तो 'सर रॉबर्ट' होईल, 'सर क्लाइव्ह' कधीच नाही. सूचीत मग 'क्लाइव्ह, रॉबर्ट' आणि 'लॉइड, क्लाइव्ह' असं यायला हवं. मराठी पुस्तकांच्या सूचीत दोघेही 'क' खाली सापडतात, ती चूक आहे.

लेखनाचं म्हणाल तर 'क्लाइव्ह' लिहावं. इंग्रजी 'व्ही'साठी मराठीत 'व्ह' रूढ आहे. 'क्लाइव' ही हिंदीची पद्धत. 'इ' ऱ्हस्व ठेवावी, कारण पुढे जोडाक्षर आहे आणि मराठीत जोडाक्षराआधीचा इकार सहसा ऱ्हस्व असतो. 'वकील', 'गरीब' यांच्या चालीवर 'क्लाईव्ह' लिहिलं जातं, पण त्या शब्दांत शेवटी जोडाक्षर नाही, तेव्हा ती चाल इथे लागू पडत नाही. विभक्ती सरळ जोडावी: क्लाइव्हने, क्लाइव्हला, क्लाइव्हचा. 'क्लाइव्हाने' असं सामान्यरूप करू नये. परकीय विशेषनामाला ते आज कानाला खटकतं.