स्वयंपाकघरातले प्रश्न : बिअरमधली जर्मन सॉसेज

प्रश्न : दसरा झाल्यावरच्या रविवारी आठ ब्राटवुर्स्ट आणली, काट्याने टोचली आणि बिअरमध्ये पंधरा मिनिटे उकळली. पाच फुटली, बाकीची आतून कोरडी पडली आणि रस्सा कडूजहर झाला. चूक कुठे झाली? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : मुख्य चूक उकळण्यात आहे. ब्राटवुर्स्ट म्हणजे आतड्याच्या आवरणात भरलेला कच्चा खिमा. खळखळत्या पाण्यात आवरण आकसते, बाहेरचा थर आवळला जातो, आणि मधला भाग अजून कच्चा असतानाच आतले पाणी नि वितळलेली चरबी वाट शोधू लागते. मग ते फुटतेच. टोचल्याने फुटणे थोडे कमी होते, पण ज्या चरबीमुळे खिमा मऊ राहतो तीच भोकांतून रश्श्यात जाते. तुमची न फुटलेलीही कोरडी पडली ती त्यामुळे. सॉसेज कधीही टोचू नका.

खिमा मध्यभागी 71 अंश सेल्सिअसला पोचला की शिजला. त्यासाठी रस्सा 75 ते 80 अंशांवर ठेवायचा. थर्मामीटर नसेल तर पातेल्याकडे पाहा : कडेला एखाददुसरा बारीक बुडबुडा आणि मध्ये नुसती थरथर. मोठे बुडबुडे दिसले की आच कमी करा, तरीही थांबले नाहीत तर खाली तवा सरकवा.

आता कडूपणा. बिअर आटते तेव्हा पाणी उडते, हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) कडूपणा मागेच राहतो. 500 मिली बिअर आटवून 200 केली तर कडूपणा अडीच पट होतो. म्हणून साधी लागर (नेहमीची फिकट, सौम्य बिअर) किंवा गव्हाची बिअर घ्या, लेबलावर अल्कोहोल 5 टक्क्यांच्या आसपास असलेली. ‘स्ट्राँग’ लिहिलेली बाटली या पदार्थाला नको, भरपूर हॉप्सची कडू आयपीए तर नकोच.

चौघांसाठी प्रत्येकी 100 ग्रॅमची आठ सॉसेज, 500 मिली बिअर, 100 मिली पाणी, तीन मध्यम कांदे, 20 ग्रॅम लोणी, दोन तमालपत्रे, सात-आठ मिरे, एक चमचा साखर. सॉसेज गोठवलेली असतील तर आदल्या रात्रीच फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फ असलेले सॉसेज बाहेरून शिजते, आतून नाही. कांदा उभा चिरून लोण्यात मंद आचेवर पंधरा मिनिटे परता, सोनेरी रंगावर थांबा. करपलेला कांदा आणि बिअर म्हणजे कडूवर कडू. खोल पातेले घ्या आणि बिअर थोडी थोडी ओता, नाहीतर फेस उसळून शेगडीवर येईल. मिरे, तमालपत्र, साखर, पाणी घालून पाच मिनिटे उकळू द्या. मग आच कमी करून उकळी पूर्ण बसू द्या आणि त्यानंतरच सॉसेज सोडा. थरथरत्या रश्श्यात वीस मिनिटे, मध्ये एकदा उलटून.

बाहेर काढल्यावर सॉसेज कापडाने कोरडी पुसा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग ओले सॉसेज तव्यावर भाजण्याऐवजी वाफवले जाते. तेलाचा हात दिलेल्या बिडाच्या तव्यावर मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटे फिरवत राहिलात की चारी बाजूंनी रंग येतो. तेवढ्यात रस्सा मोठ्या आचेवर साधारण निम्मा आटवा. चव घेऊन मगच मीठ घाला, कारण सॉसेजमधले मीठ त्यात उतरलेले असते. गॅस बंद केल्यावर दोन चमचे फेसलेली पिवळी मोहरी मिसळा. उकळत्या रश्श्यात घातली तर मोहरीचा झणका उडून जातो.

एक गोष्ट सांगायला हवी. जर्मनीत ब्राटवुर्स्ट बहुधा थेट निखाऱ्यांवर किंवा तव्यावर भाजतात. आधी बिअरमध्ये शिजवायची पद्धत जास्त रुळली ती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, जर्मनीहून जाऊन वसलेल्या लोकांच्या वस्त्यांत. घरच्या गॅसवर मात्र हीच पद्धत सोयीची, कारण सॉसेज आतून कच्चे राहण्याची भीती राहत नाही.

प्रश्न : शिजवल्यावर दारूचा अंश उडून जातो ना? घरात लहान मुले आहेत. (निपाणी)

उत्तर : पूर्ण उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार रश्श्यात मिसळून पंधरा मिनिटे मंद शिजवल्यावर सुमारे 40 टक्के अल्कोहोल शिल्लक राहते, अर्ध्या तासाने 35 टक्के, आणि अडीच तासांनीही 5 टक्के. त्यामुळे मुलांसाठी वेगळे पातेले लावा : 300 मिली बिनमिठाचा चिकन स्टॉक, 200 मिली सफरचंदाचा रस, एक चमचा व्हिनेगर. कृती तीच, फक्त साखर घालू नका. बिअरची किंचित कडवट खोली येणार नाही, पण सफरचंद आणि डुकराचे मांस ही जोडी जर्मन स्वयंपाकात नेहमीचीच आहे.

प्रश्न : आमच्याकडे गोव्याची सॉसेज सहज मिळतात. ती चालतील? आणि पाकिटातली चिकन सॉसेज? (खानापूर)

उत्तर : गोव्याच्या सॉसेजची ही कृती नव्हे. ती मीठ, व्हिनेगर आणि लाल मिरचीत मुरवून वाळवलेली असतात. व्हिनेगरचा आंबटपणा आणि बिअरचा कडूपणा एकमेकांना मारतात, आणि रस्सा खारट होतो. ती कांदा-बटाट्यात, स्वतःच्याच चरबीत शिजू द्या, तिथेच ती शोभतात.

पाकिटातली चिकन सॉसेज बहुतेक आधीच शिजवलेली असतात. लेबल वाचा. शिजवलेली असतील तर आधी कांदा-बिअरचा रस्सा आटवून तयार करा आणि शेवटी त्यात पाच-सहा मिनिटे फक्त गरम करा. वीस मिनिटे ठेवलीत तर रबरासारखी होतील.

प्रश्न : घरी खिमा आणून तसाच स्वाद आणायचा आहे. मार्जोरम इथे कुठे मिळेल? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : मार्जोरम म्हणजे आपला मरवा, वेणीत आणि गजऱ्यात घालतात तोच. मात्र फुलबाजारातला मरवा खाण्यासाठी वापरू नका, त्यावर फवारणी झालेली असू शकते. कुंडीत एक रोप लावा, पाने सावलीत वाळवा. जर्मनीतल्या न्यूर्नबर्ग शहराच्या बोटभर लांबीच्या सॉसेजची ओळख याच वासावर आहे.

1 किलो डुकराच्या खिम्याला (चरबी 25 ते 30 टक्के) 18 ग्रॅम मीठ, 3 ग्रॅम पांढरी मिरी, 2 ग्रॅम वाळलेला मरवा, चिमूटभर जायपत्री, 80 मिली बर्फाचे पाणी. खिमा आणि भांडे दोन्ही फ्रीजमधून थेट काढलेले थंड हवे. खिमा कोमट झाला की चरबी माखली जाते, आणि शिजल्यावर सॉसेज रवाळ, भुसभुशीत होते. हाताला चिकटेपर्यंत मळा. आवरण मिळाले नाही तर बोटाएवढ्या वळकट्या करून तासभर फ्रीजमध्ये घट्ट करा आणि थेट तव्यावर भाजा. रश्श्यात सोडू नका, सुटतील. शहाजिरे घालायचे असेल तर पाव चमच्याच्या वर नको. दुकानात त्या नावाने दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. जर्मन कृतीत लागते ते जाडसर, तपकिरी, वाकडे बी. बारीक काळे बी जास्त उग्र असते.

प्रश्न : सोबत जर्मन पद्धतीचे परतलेले बटाटे केले. कुरकुरीत होण्याऐवजी तव्याला चिकटून लगदा झाला. (येळ्ळूर)

उत्तर : दसऱ्याच्या सुमारास आपल्याकडे खरिपाचा नवा बटाटा येतो. त्यात पाणी जास्त असते, सालही हाताने निघते. रस्साभाजीला तो उत्तम, परतायला नाही. या पदार्थासाठी साठवणीतला जुना बटाटा मागून घ्या. आदल्या दिवशी सालीसकट उकडा, थोडा कडकच असताना काढा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. गार झाल्यावर त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि काप मोडत नाहीत. अर्धा सेंटीमीटरचे काप तापलेल्या तेलात एकाच थरात पसरा, चार मिनिटे हलवू नका, मग उलटा. कांदा शेवटच्या पाच मिनिटांतच घाला, आधी घातला तर त्याच्या पाण्याने काप पुन्हा मऊ पडतात. इतका खटाटोप नको असेल तर गरम ज्वारीची भाकरी करा. आटवलेला कांद्याचा रस्सा तिच्याबरोबर पावापेक्षा चांगला लागतो.