बर्फावरची सुट्टी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मुलांना स्कीइंग आणि जोडीला आजी-आजोबांची भेट, असा हिवाळी बेत आखणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: दहा दिवसांची सुट्टी आहे. पाच दिवस स्कीइंग आणि उरलेले दिवस मुलांच्या आजी-आजोबांकडे. त्यांचं घर डोंगरापासून गाडीने पाच तासांवर आहे. आधी कुठे जावं यावर घरात एकमत होत नाही.

आधी स्कीइंग. डोंगरावरचं वेळापत्रक आपल्या हातात नसतं. वारा वाढला की लिफ्ट बंद, बर्फ जास्त पडला की रस्ता बंद. डोंगर शेवटी ठेवलात आणि रस्ता अडला, तर परतीचं तिकीट वाया जातं. आधी ठेवलात तर फार तर आजी-आजोबांकडे एक दिवस उशिरा पोचाल, आणि तेवढं ते चालवून घेतात. शिवाय मुलांचे भरून आलेले पाय आजीकडे मोकळे होतात. उलटा क्रम लावला तर तो शीण थेट शाळेत जातो.

या क्रमात एक धोका आहे. केबल कारच्या गर्दीत पाच दिवस काढलेली मुलं सर्दी-खोकला घेऊन येतात. फ्लूची लस घ्यायची असेल तर निघण्याआधी दोन आठवडे तरी घ्या, संरक्षण तयार व्हायला साधारण तेवढे दिवस लागतात. कुणाला ताप आलाच तर आजी-आजोबांना आधी फोन करून मोकळेपणाने सांगा. कळल्यावर काय करायचं ते त्यांना ठरवू द्या.

पाचही दिवस दिवसभर स्कीइंग करू नका. तिसरा दिवस अर्धा ठेवा. दुपारी उशिरा पाय थकलेले असतात, दिवसभराच्या वर्दळीने उतारावर बर्फाचे ढीग झालेले असतात, सावलीतला बर्फ टणक होतो आणि उजेड इतका सपाट पडतो की खड्डा-उंचवटा कळत नाही. ‘आता शेवटची एकच फेरी’ म्हणून मुलं मागे लागतात ती नेमकी याच वेळी. तिला ठाम नकार द्या.

प्रश्न: मुलगा सात वर्षांचा आहे. पाय वाढताहेत म्हणून स्की बूट मोठे घेतले आणि आत दोन जोड मोजे घातले. तरी अर्ध्या तासात पाय गार पडतात आणि तो रडकुंडीला येतो. नडगीवर वळही उठतात. काय चुकतंय?

मोठे बूट आणि दोन मोजे, दोन्ही चुकतंय. सैल बुटात पाय हलतो, म्हणून आपण बकलं करकचून आवळतो. त्यामुळे पायाच्या वरच्या बाजूच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि बोटांपर्यंत रक्त पोचत नाही. टाच तरीही उचलली जाते आणि प्रत्येक वळणावर नडगी बुटाच्या पुढच्या कडेवर आपटते. दुसऱ्या मोज्याने ऊब वाढत नाही. दोन थरांत घड्या पडतात, घाम अडकतो आणि ओला पाय लवकर गार होतो.

स्की बुटाचा नंबर म्हणजे सेंटीमीटरमधली पायाची लांबी. मुलाला भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं करा आणि सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. लांबी 20.3 आली तर 20.5 चा बूट बघा. मग आतला मऊ बूट बाहेर काढून पाय नुसत्या प्लास्टिकच्या कवचात घालायला सांगा. बोटं पुढे टेकली की टाचेमागे मोठ्या माणसाचं एक बोट सहज जाईल इतकी जागा हवी. वाढत्या वयाची सवलत म्हणून जास्तीत जास्त दोन सेंटीमीटर. त्याहून मोकळा असेल तर तो बूट परत करा. आतला बूट पुन्हा बसवल्यावर सरळ उभं राहिलं की बोटं पुढे हलकेच लागतात आणि गुडघे वाकवून नडगी पुढे रेलली की सुटी होतात. असं झालं की माप बरोबर.

घालण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची. गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ स्की मोजा, सुरकुती न ठेवता. आतल्या थर्मल पँटची कड बुटाच्या वर राहिली पाहिजे; ती आत गेली की शिवणीचा वळ उठतो. पँटच्या आतला लवचीक पट्टा बुटावरून बाहेर घ्या. सगळी बकलं उघडा, बुटाची जीभ पुढे ओढून पाय घाला, टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे बसवा. मग आधी वरची बकलं लावा, म्हणजे टाच जागच्या जागी राहते. खालची फक्त उघडणार नाहीत इतपतच. दोन-चारदा गुडघे वाकवायला लावून वरची पुन्हा एक खाच ओढा. विश्रांतीला थांबलात की सगळी सैल करा.

बूट रात्रभर गाडीत ठेवू नका. थंडीने प्लास्टिक कडक होतं आणि सकाळी पाय आत जाता जात नाही. ओले झाले तर आतला बूट काढून खोलीत वाळवा, हीटरवर ठेवू नका. वाढत्या मुलासाठी बूट विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेणं आम्हाला शहाणपणाचं वाटतं, कारण टोचला तर त्याच दिवशी बदलून मिळतो.

आणि बूट बदलला की बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, पुन्हा लावून घ्या. पडल्यावर स्की पायातून केव्हा सुटायची ते बाइंडिंगची स्प्रिंग ठरवते, आणि ती वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीइंगचा सराव बघून लावतात. वजन खरं सांगा. मोठी माणसं इथे हमखास चार किलो कमी सांगतात. मग स्की नको तेव्हा सुटते. सराव वाढवून सांगितला तर उलट होतं, हवी तेव्हा सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. स्कीवर चढण्याआधी काठीने बुटाच्या तळाचा बर्फ खरवडून काढायची सवय मुलाला लावा. बर्फाचा एक थर मध्ये राहिला तरी बाइंडिंग नीट धरत नाही.

प्रश्न: सासूबाई आणि सासरे आमच्याबरोबर येणार आहेत. सासरे 68 वर्षांचे, रक्तदाबाची आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. त्यांना स्कीइंग करून बघायचंय. सासूबाई इन्सुलिन घेतात, त्यांना फक्त बर्फ बघायचाय. मुक्काम 1,500 मीटरवर, केबल कार 2,900 मीटरपर्यंत जाते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना स्कीइंग नको, असं आमचं स्पष्ट मत आहे. साध्या पडण्यातही डोक्याला मार लागला तर आत रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांशी बोलूनही त्यांचा आग्रह टिकलाच, तर हेल्मेट घालून, एकट्यासाठी शिक्षक घेऊन, नवशिक्यांच्या जवळपास सपाट पट्ट्यावर तासभर. डोकं आपटलं तर बरं वाटत असलं तरी थेट दवाखाना.

मुक्कामाची उंची त्रासाची नाही. वर 2,900 मीटरवर डोकं दुखलं, मळमळलं तर तिथे बसून न राहता खाली या. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, म्हणून वर पोचल्यावर चाल हळू ठेवा. छातीत दाब किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवली तर लगेच थांबून मदत मागा.

सासूबाईंचं इन्सुलिन अंगाला लागून असलेल्या आतल्या खिशात ठेवा. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात किंवा गाडीत राहून ते एकदा गोठलं की वितळल्यावरही निकामी. ते टाकूनच द्यायचं. साखर मोजायचं यंत्रही गारठलं की चुकीचा आकडा दाखवतं किंवा चालतच नाही, म्हणून तेही आतच, आणि साखर मोजायची ती उबेत येऊन. बर्फात चालल्याने साखर पटकन उतरते, आणि साखर उतरल्याची थरथर थंडीची वाटून दुर्लक्ष होतं. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असू द्या. मधुमेहात पायाची संवेदना कमी असेल तर गारठा कळत नाही, म्हणून रोज संध्याकाळी दोन्ही पाय उजेडात नीट बघा.

घसरण्याची खरी जागा म्हणजे पार्किंग आणि हॉटेलच्या पायऱ्या. बुटांवर चढवायच्या दातेरी रबरी पट्ट्या मिळतात, त्या घ्या. दारात मात्र काढा, फरशीवर त्याच जास्त घसरतात. विमा घेताना स्कीइंग, डोंगरावरची सुटका आणि आधीचे आजार हे तिन्ही त्यात लिहिलेलं आहे ना, ते बघा.

प्रश्न: आजी-आजोबांकडे जाताना मुलांना जाड जॅकेट घालूनच गाडीतल्या सीटवर बसवलं तर चालेल ना? सारखं काढ-घाल करावं लागतं.

चालणार नाही. पट्टा घट्ट वाटतो तो जॅकेटच्या फुगीरपणामुळे. धडक बसली की आतली हवा दबते आणि पट्टा एकदम सैल पडतो. जॅकेट काढा, पट्टा अंगाशी बसवा आणि वरून पांघरूण घाला.

प्रश्न: सहा वर्षांची मुलगी चेअरलिफ्टला घाबरते. तिला कसं न्यावं?

पहिले एक-दोन दिवस नेऊच नका. नवशिक्यांना उतारावर वर नेणारा सरकता पट्टा असतो, तिथे तिला आपलं आपण थांबता आलं पाहिजे, त्याशिवाय वर नेऊन उपयोग नाही. नंतर चढताना पाठपिशवी काढून पुढे घ्या, मोठ्या माणसाने आपल्या दोन्ही काठ्या एका हातात धराव्यात, मुलीला काठ्या देऊच नका. मुलीला लिफ्ट चालवणाऱ्याच्या बाजूला बसवा आणि त्याला खूण करा, तो वेग कमी करतो. खुर्ची मागून गुडघ्यांशी आली की बसायचं, पाठ पूर्ण टेकायची, दांडा लगेच खाली. वर सूचनाफलक येईपर्यंत दांडा उचलायचा नाही. उतरताना स्कीची टोकं वर, उभं राहून सरळ पुढे, आणि उतरल्या जागी न थांबता बाजूला. काही हातातून पडलं तर पडू द्या. वाकून उचलायला जाणं हीच मोठी चूक.

प्रश्न: उतारावर कुणी धडकलं तर चूक कुणाची धरतात?

बहुतेक वेळा वरून येणाऱ्याची. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या, म्हणजे एफआयएसच्या, दहा नियमांत पुढे किंवा खाली असलेल्याला प्राधान्य आहे. मागून येणाऱ्याने वाट आणि वेग त्याप्रमाणे ठेवायचा. पण थांबून पुन्हा निघताना वर-खाली बघणं तुमचं काम, आणि अरुंद किंवा न दिसणाऱ्या जागी थांबणंही नियमात बसत नाही. मुलांना उताराच्या कडेलाच थांबायला शिकवा. कुणाला लागलं तर जखमीच्या थोडं वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या रोवा, म्हणजे वरून येणारे वळतील, आणि उतारावरच्या बचाव पथकाला फोन करा. चूक कुणाचीही असो, अपघातातल्या सगळ्यांनी आणि बघणाऱ्यांनीही आपलं नाव-पत्ता द्यायचा असतो. धडकून पुढे निघून जाणाऱ्याला याच नियमाचा आधार घेऊन थांबायला सांगता येतं.