आधी दारं मोज

पर्शियन लघुचित्रं बघताना प्रत्येक सुरूच्या झाडात आत्मा आणि प्रत्येक पेल्यात ईश्वरी प्रेम शोधत बसू नकोस. मीही सुरुवातीला तेच केलं, फजिती झाली! एकच चित्र निवांत बघ: हेरातच्या (आजच्या अफगाणिस्तानातल्या) चित्रकार बिहजादनं १४८८ मध्ये काढलेलं युसूफ-झुलेखाचं. युसूफ म्हणजे प्रेषित, झुलेखा त्याच्यावर भाळलेली त्याच्या मालकाची बायको. दारं मोज, सगळी बंद. जिने नागमोडी, खोल्या ओस. वरच्या दालनात हिरव्या झग्यातला युसूफ निसटतोय, लाल वस्त्रातली झुलेखा त्याच्यावर झेपावतेय. चित्र ज्यात आहे ते हस्तलिखित फारसी कवी सादीच्या ‘बुस्तान’ या ग्रंथाचं, पण त्यात हा महाल नाहीच. सात कुलूपबंद दालनं सूफी कवी जामीच्या काव्यातली. तिथं युसूफ पळतो तशी दारं आपोआप उघडतात. म्हणून रंगांचे अर्थ नंतर पाठ कर, आधी ते काव्य वाच. अनुवाद चालेल.